नाक तेवढं खरं

बीदर जिल्ह्यातल्या मंठाळहून कुठल्याही दिशेनं निघा, समुद्र रात्रभराच्या प्रवासाइतका लांब. त्यामुळं आमच्या बीदरकडची मंडळी गोकर्णाला निघाली की वाट वाकडी करून कारवारही उरकून घेतात. तिथं रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर लाटांच्या आधी डोळ्यांत भरते ती वाळूशेजारी उभी असलेली करडी युद्धनौका. हीच ‘चपळ’. लांबी 38 मीटरच्या आसपास, वजन सुमारे 240 टन. 2005 साली नौदलातून निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी तिचं संग्रहालय झालं. आत अधिकाऱ्यांचे, खलाशांचे पुतळे आहेत, तोफा आहेत, क्षेपणास्त्रांच्या प्रतिकृती आहेत. आणि तिकीट काढून आत शिरलेल्या प्रत्येक घरातलं एक पोर हमखास विचारतं, ‘हे खरं आहे का?’

बाप ‘नाही रे, खोटं आहे’ म्हणून मोकळा होतो. मला ते उत्तर पटत नाही. आमच्याकडं ज्येष्ठी अमावास्येला मातीचे बैल करून पुजतात. त्या बैलानं नांगर ओढावा अशी कुणाची अपेक्षा नसते, पण वशिंड नसेल तर घरातली म्हातारी तो बैल परत करायला लावते. शस्त्राच्या प्रतिकृतीचंही तसंच. स्फोट नको, पण वशिंड हवं. प्रश्न एवढाच, की क्षेपणास्त्राचं वशिंड कोणतं?

त्यासाठी आधी मूळ वस्तू बघू. ‘चपळ’सारख्या नौकांवर असायचं ते सोव्हिएत रशियाचं पी-15, पाश्चात्त्य देशांनी त्याला ‘स्टिक्स’ नाव दिलं. लांबी सहा मीटरच्या घरात, धड पाऊण मीटर जाड, वजन दोन टनांहून अधिक, त्यातलं साडेचारशे-पाचशे किलो नुसतं स्फोटक शीर्ष. सुईसारखं सडपातळ क्षेपणास्त्र डोळ्यांसमोर असेल तर पुसून टाका. हे दिसतं ठेंगण्या, पोट सुटलेल्या विमानासारखं. दोन्ही बाजूंना त्रिकोणी पंख, मागं तीन शेपट्या आणि शेपटाखाली बांधलेलं एक जाडजूड नळकांडं. त्या नळकांड्यात घन इंधन असतं. उडताना पहिला जोराचा रेटा ते देतं आणि काही क्षणांत गळून पडतं. पुढचा प्रवास द्रव इंधनावर.

हे द्रव इंधन भलतंच तापट. एका टाकीत इंधन, दुसऱ्या टाकीत नायट्रिक आम्ल. दोघं भेटले की ठिणगीशिवाय पेट घेतात. म्हणून भरणारी माणसं अंगभर रबरी पोशाख आणि तोंडावर मुखवटा चढवून काम करायची. प्रतिकृतीत हे काहीच नसतं, नसावंच. पण इंधन भरायची झाकणं धडावर जिथं होती तिथंच दिसायला हवीत. ती नसतील तर समोर क्षेपणास्त्र नाही, नुसतं रंगवलेलं पिंप आहे.

एक गंमत मात्र मला फार आवडते. अशा प्रतिकृती करायला सोयीचं साहित्य म्हणजे फायबर. हलकं, स्वस्त, साच्यात हवं तसं वळतं. मूळ धड धातूचं, तेव्हा फायबरचं धड ही लबाडीच. पण नाक? क्षेपणास्त्राच्या नाकाआड रडार बसलेलं असतं. ते लहरी सोडतं, जहाजावर आपटून परतलेल्या लहरी टिपतं आणि क्षेपणास्त्र त्या दिशेनं वळतं. धातू या लहरी अडवतो. म्हणून खऱ्या क्षेपणास्त्राचंही नाक धातूचं करता येत नाही, लहरी आरपार जातील असंच साहित्य तिथं लागतं. सगळी प्रतिकृती खोटी धरली तरी नाकापाशी ती मूळ वस्तूच्या बरीच जवळ जाते.

आता खरं वशिंड. ते क्षेपणास्त्रावर नाहीच, ते ठेवायच्या पेटीवर आहे.

‘चपळ’समोर उभं राहून लोक 1971 च्या भारत-पाक युद्धातल्या कराचीच्या गोष्टी सांगतात. त्या गोष्टी खऱ्या आहेत. 4 डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन नौकांनी कराचीबाहेर ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिझ’ ही सुरुंगशोधक नौका बुडवली, 8 तारखेच्या रात्री ‘विनाश’नं चार क्षेपणास्त्रं सोडली. पण त्यांत ‘चपळ’ नव्हती. असणार कशी? ती नौदलात आली 1976 साली. आणि हे जाणून घ्यायला कागदपत्रं उलटायची गरज नाही, पेट्या बघा. 1971 च्या नौकांवरच्या क्षेपणास्त्रांचे पंख पक्के होते, पसरलेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 2.4 मीटर. एवढा पसारा मावायला गोठ्यासारख्या चौकोनी पेट्या लागायच्या. पुढं पंख मिटणारी सुधारित आवृत्ती आली. नळीत असताना पंख घडी घालून बसायचे, बाहेर पडले की उघडायचे. पेटी गोल झाली. ‘चपळ’च्या पिढीवर अशा गोल नळ्या आहेत. उद्या कुणी 1971 ची आठवण म्हणून तिच्यावर चौकोनी पेट्या बसवल्या, तर काम कितीही सुबक असो, तो इतिहास चुकीचा होईल. उलट ‘निपात’ची प्रतिकृती करताना गोल नळ्या वापरल्या, तरी तेच.

पाण्यात चालणाऱ्या नौकेवर खोट्या शस्त्रांचा आणखी एक पेच असतो. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या दुसऱ्या महायुद्ध संग्रहालयानं ‘पीटी-305’ ही लाकडी टॉर्पेडो नौका स्वयंसेवकांकरवी दुरुस्त केली आणि 2017 साली ती पुन्हा पाण्यात उतरवली. अशा नौकेवरचा एकेक टॉर्पेडो टनभर वजनाचा. तिथं पोकळ नळकांडी ठेवली तर डेकवरचं वजन घटतं आणि नौकेचा गुरुत्वमध्य खाली सरकतो. वाटतं, बरंच झालं, उलटायची भीती गेली. पण नौका मग जास्त ताठ होते. लाट आली की संथ न डुलता झटक्यानं सरळ होते आणि आतल्या माणसाच्या पोटात ढवळतं. म्हणून खोट्या शस्त्राला खरं वजन द्यावं लागतं, किंवा सगळा हिशेब नव्यानं मांडावा लागतो. ‘चपळ’ला ही चिंता नाही. ती जमिनीवर आहे.

जमिनीची दुखणी वेगळी. पाण्यात असताना नौकेच्या बुडाला जस्ताचे ठोकळे लावतात. खारं पाणी पोलादाऐवजी आधी जस्त खातं. पण नौकेच्या ठोकळ्यांची ही युक्ती बूड पाण्यात असेपर्यंतच चालते. वाळूवर उभ्या नौकेला खारा वारा चहूबाजूंनी लागतो, आणि तिथं जस्ताचे ठोकळे नुसते टांगून काही होत नाही. खरवडा, रंगवा, पुन्हा खरवडा, एवढाच उपाय.

फायबरच्या क्षेपणास्त्राला गंज लागत नाही. त्याला ऊन लागतं. वरची राळ हळूहळू मरते, आणि बोट फिरवलं तर खडूसारखी पांढरी भुकटी लागते. मग पुन्हा रंगाचा डबा आणावाच लागतो.