गरी, तंगूस आणि शिसं

मालवण असो, रत्नागिरी असो की अलिबाग, बंदराच्या गावात मासळीबाजाराच्या आसपास एक दुकान हमखास असतं. बाहेर जाळ्यांच्या लडी, दोरखंड आणि रंगीत बोये टांगलेले असतात. आत काचेच्या कपाटात गऱ्यांचे डबे, तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची, रिळं आणि शिशाच्या गोळ्या. सुटीच्या आदल्या संध्याकाळी इथे गरवायला जाणाऱ्यांची गर्दी होते. गिऱ्हाईक गरी मागतं, पण जुना दुकानदार लगेच डबा उघडत नाही. आधी विचारतो, "खाडीत बसणार की खडपावर? भरती कधीची आहे? मासा कुठला धरायचाय?"

या प्रश्नांतच गरवण्याची निम्मी विद्या आहे. ती शिकवणारी शाळा नाही. ती दुकानाच्या फळीवरूनच एका पिढीकडून दुसरीकडे जाते, म्हणून या दुकानाकडे नीट पाहायला हवं.

सुरुवात गरीपासून, म्हणजे गळापासून, करू. जपानमधल्या ओकिनावा बेटावरच्या साकितारी गुहेत शंखापासून घडवलेले गळ सापडले. त्यांचं वय सुमारे 23 हजार वर्षं ठरलं आहे. आपल्याकडे हडप्पा संस्कृतीच्या वस्त्यांत तांब्याचे गळ मिळाले आहेत. आजची पोलादी गरी कारखान्यातली. त्यातलं जगभर पोचलेलं एक नाव नॉर्वेच्या मुस्टाडचं. ही कंपनी 1832 मध्ये सुरू झाली आणि 1877 पासून यंत्रावर गऱ्या बनवू लागली.

गऱ्यांचे आकडे नवख्याला हमखास चकवतात. साध्या आकड्यांत नंबर वाढला की गरी लहान होते. 12 नंबरची गरी 4 नंबरच्या गरीपेक्षा बारीक असते. पण 1/0, 2/0, 3/0 अशी मांडणी आली की आकड्याबरोबर गरीही मोठी होते. काही जपानी गऱ्यांची मोजणी तर पहिल्या रीतीच्या नेमकी उलटी चालते. शिवाय एका कंपनीचं माप दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. म्हणून मुरलेला माणूस नंबर न वाचता गरी तळहातावर घेतो, तिच्या वाकाची रुंदी नजरेने मोजतो आणि टोक नखावर टेकवून पाहतो. टोक नखात रुतलं तर गरी धारदार, घसरलं तर नाही.

कित्येक गऱ्यांना दोरा ओवायला भोक नसतं. दांड्याचं टोक फक्त ठोकून चपटं केलेलं असतं. अशी गरी बांधताना पाहण्यासारखी असते. तंगूस दांड्याला लावून धरायचा, त्यावर सहा-सात फेरे एकमेकांना चिकटून घ्यायचे, टोक फासातून काढायचं आणि गाठ ओढण्याआधी ती थुंकीने ओली करायची. ही नुसती सवय नाही. कोरडी गाठ आवळली तर घर्षणाची उष्णता नायलॉनला कमजोर करते, आणि मोठा मासा लागला की तंगूस नेमका तिथेच तुटतो.

हा तंगूस तसा अलीकडचा. वॉलेस कॅरोथर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत 1935 मध्ये नायलॉन तयार केलं. त्याआधी सुती आणि तागाचा दोरा असे. तो पाण्यात कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ठेवत. काम झालं की वाळत घालावा लागे. नायलॉनने ही सारी मेहनत वाचवली. ते कुजत नाही, पाण्यात दिसतही नाही. मात्र खडपात अडकून तुटलेला तुकडाही तसाच न कुजता राहतो आणि बगळ्याच्या पायात किंवा कासवाच्या मानेत गुंततो.

शिशाचंही असंच आहे. जड, स्वस्त, घरच्या चुलीवर वितळवून साच्यात ओतता येण्याजोगं, म्हणून ते गरीच्या जोडीला आलं. पण ते विषारी आहे. ब्रिटनमध्ये हंस तळातले खडे गिळताना शिशाच्या गोळ्याही गिळत आणि मरत. म्हणून तिथे 1987 पासून गळाला लावायच्या लहान शिसवजनांच्या विक्रीवर बंदी आली. आपल्या दुकानांत आजही शिसंच विकलं जातं आणि घरातली मुलं ते हाताळतात. ही सवय बदलायला हवी.

उरतं आमिष. ताजी चिंगळं, माकुलाचे तुकडे, बोंबील, गांडुळं, कणकेचे गोळे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या सोमेश्वर तिसऱ्याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे. त्यात माशांचे प्रकार, त्यांना घालायचं खाद्य आणि गळाची रीत हे सगळं तपशिलाने आलं आहे. राजाच्या करमणुकीसाठी लिहिलेलं हे ज्ञान आज पवई तलावाकाठी कणीक मळत बसलेल्या माणसाच्या हातातही आहे.

आमिष माशाच्या स्वभावाप्रमाणे निवडतात. शिंगाळ्याच्या मिशांवर चव ओळखणाऱ्या पेशी असतात. गढूळ पाण्यातही तो वासावर आणि चवीवर येतो, त्यामुळे त्याला माकुलाचा तुकडा पुरतो. जिताडा दबा धरून बसतो आणि हलणाऱ्या भक्ष्यावर झेपावतो. त्याला जिवंत कोलंबी लागते, तीही शेपटीकडून अशी टोचलेली की तिची धडपड थांबू नये.

जिताड्याची आणखी एक गोष्ट प्रत्येक दुकानदाराने गिऱ्हाइकाला सांगायला हवी. हा मासा बहुतेक वेळा नर म्हणून वाढतो आणि पुढे मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे लहान जिताडे सरसकट उचलले तर पुढच्या माद्या संपतात. नुसते मोठे उचलले तर अंडी घालणाऱ्या संपतात.

गरवणाऱ्याची वहीही कामाची असते. कावेरीकाठच्या गॅलिबोर शिबिरात 1998 ते 2012 या काळात गळाला लागलेल्या महसीर माशांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. 2015 मध्ये संशोधकांनी त्या तपासल्या. मूळचा कुबडा महसीर घटत गेला होता आणि बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महसीर वाढला होता. या दुसऱ्या माशाची पिल्लं लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रातून गेली होती. माशांच्या भल्यासाठी केलेलं काम दुसऱ्या माशाच्या मुळावर आलं, हे हौशी लोकांच्या साध्या नोंदींतून कळलं. 2018 मध्ये कुबड्या महसीरची शास्त्रीय ओळख 'टॉर रेमादेवी' अशी पटली आणि त्याची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत झाली.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात गेलात की गरीबरोबर एक छोटी वहीही घ्या. तारीख, भरतीची वेळ, आमिष, मासा आणि त्याची लांबी, एवढंच लिहा. अंगठ्याएवढा मासा लागला तर हात ओला करून गरी काढा आणि त्याला परत सोडा. गुंतलेला तंगूस खडपावर टाकू नका. तो खिशात घालून घरी आणा, बारीक कापा आणि मगच कचऱ्यात टाका.