सवाल विचारणाऱ्याची खुर्ची

टीव्हीवर बातम्या सांगणारा चेहरा घरोघरी ओळखला जातो. त्यामुळे अनेक मुला-मुलींना अँकर व्हावेसे वाटते. आमच्या सावंगी (मेघे) येथे मेडिकल कॉलेज आहे. मुलाने डॉक्टर व्हायचे म्हटले की घर खूश होते. मुलीने पत्रकार व्हायचे म्हटले की अम्मी-अब्बा गप्प होतात. शाळेत शिकवताना आम्ही हे अनेकदा पाहतो. म्हणून या पेशाचा खरा प्रवास पालकांसमोर ठेवत आहोत.

निखिल वागळे यांचेच उदाहरण घ्या. टीव्हीच्या खुर्चीत बसण्यापूर्वी त्यांची बरीच वर्षे छापील पत्रकारितेत गेली. १९९० मध्ये त्यांनी मुंबईत 'आपलं महानगर' हे सायंदैनिक सुरू केले. त्याच्या कार्यालयावर हल्ले झाले, तरी लेखणी थांबली नाही. २००८ मध्ये 'आयबीएन लोकमत' वाहिनी सुरू झाली आणि संपादक वागळे यांचा 'आजचा सवाल' घरोघरी पोहोचला. २० नोव्हेंबर २००९ रोजी शिवसैनिकांनी या वाहिनीच्या मुंबई कार्यालयात तोडफोड केली. २०१४ मध्ये वागळे वाहिनीतून बाहेर पडले. २०१७ मध्ये दुसऱ्या वाहिनीवरचा त्यांचा 'सडेतोड' कार्यक्रम अचानक बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात सभेला जाताना त्यांच्या गाडीच्या काचा फोडल्या गेल्या. खुर्ची अनेकदा गेली, पण सवाल विचारणे सुटले नाही.

मात्र नुसती हिंमत पुरत नाही, पुरावाही लागतो. तो कसा शोधायचा, हे सुचेता दलाल यांनी दाखवले. बेळगावात शिकलेल्या सुचेताताईंनी संख्याशास्त्राची आणि पुढे कायद्याची पदवी घेतली. २३ एप्रिल १९९२ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्यांची बातमी आली. स्टेट बँकेच्या हिशेबात सुमारे ५०० कोटी रुपयांच्या रोख्यांचा मेळ लागत नव्हता. त्यातूनच हर्षद मेहता घोटाळा देशासमोर आला. ना कॅमेरा, ना आरडाओरडा. कामी आले ते आकडे वाचण्याचे कसब. २००६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पालकहो, या पेशात धोका आहे, हे आम्ही लपवत नाही. नोकरीची हमीही कमी आहे. पण तुमच्या लेकीला हा रस्ता धरायचाच असेल, तर तिला आधी आरशासमोर बोलायला नव्हे, कागद वाचायला शिकवा. गणित, कायदा आणि भाषा पक्की होऊ द्या. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे; १० रुपये शुल्क भरून अर्ज केला की साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे कार्यालयाला बंधनकारक आहे. गावातल्या पाणीयोजनेवर किती खर्च झाला, एवढा एक अर्ज घरच्यांनी मिळून करावा. आलेले उत्तर मुलीने नळापाशी जाऊन पडताळावे. तिला हे काम आवडले, तर तिची वाट अडवू नका.