तक्त्याची शेवटची ओळ

सकाळी 7. लोकल बदलापूरहूनच सुटणारी असली की कुळगावकरांना फोर्टपर्यंत बसून जाता येतं. लेडीज डब्यात आज गृहकर्जाचा विषय आहे. एकीचा हप्ता तेवढाच राहिला, पण मुदत लांबली. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना बदलत्या व्याजाची नवी गृहकर्जं बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, जोडावी लागली. रेपो हलला की तीन महिन्यांच्या आत तो इथल्या घरांत पोचतो.

9. सरकारी रोख्यांचा बाजार उघडतो. रुपया, रोख्यांचा परतावा, मग कॉल रेट. बँका एकमेकींकडून रात्रीपुरतं उसनं घेतात तो हा दर. तो रेपोच्या बराच वर रेंगाळला, तर रोकड कुठे आटते आहे ते शोधायचं.

10:30 ते 1:30. रिझर्व्ह बँकेच्या वित्तीय स्थिरता अहवालाचं काम. पहिला अहवाल मार्च 2010 मध्ये निघाला. आता जून आणि डिसेंबरमध्ये येतो. त्यात ताणचाचणी असते: वाढ मंदावली, व्याज चढलं, कर्जं थकली, तर प्रत्येक बँकेचं भांडवल किती उरेल? हे भाकीत नव्हे, मुद्दाम वाईट धरलेली परिस्थिती आहे. व्यापारी बँकांना किमान 9 टक्के भांडवल लागतं. सरासरी सहसा त्याच्या खूप वर असते, म्हणून मी तक्ता खालून वाचते. धक्का बसल्यावर शेवटच्या ओळीतली बँक कुठे जाते आणि तिला कोणी उसनं दिलंय, हे आधी बघते. मार्च 2018 मध्ये बँकांची थकीत कर्जं एकूण कर्जांच्या 11 टक्क्यांच्या वर होती, मार्च 2025 मध्ये अडीच टक्क्यांच्याही खाली. आकडे असे छान असतानाच हे काम नेटाने करायला हवं, कारण सढळ हाताने कर्जं वाटली जातात ती याच काळात.

दीड वाजता डबा.

3. आता हे आकडेच खरे आहेत का, ते तपासायचं. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जं हजारो बनावट खात्यांआड लपवली होती, असं तपासात पुढे आलं. कागदावर नसलेलं कर्ज कुठल्याच चाचणीत सापडत नाही. म्हणून एखाद्या बँकेचे आकडे फारच गुळगुळीत दिसले की मी थांबते आणि तपासणीवाल्या सहकाऱ्यांना फोन लावते.

रात्री 8:30. शेजारच्या काकू ठेवीच्या पावत्या घेऊन आल्या आहेत. अमुक बँक चांगली का, यावर मी घरीही तोंड उघडत नाही. नियम मात्र सांगते. 4 फेब्रुवारी 2020 पासून ठेवीला व्याज धरून 5 लाखांपर्यंत विमा आहे, पूर्वी तो 1 लाख होता.

"अगं, मी दोन शाखांत ठेवलेत ना!"

"काकू, बँक एकच असली तर सगळं मिळून पाचच."

तिसरी पावती पतसंस्थेची निघते. पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याखाली येते, तिथल्या ठेवीला हा विमा नाही. मुदत संपल्यावर काय करायचं ते काकू ठरवतील. दोन वेगळ्या बँकांत विभागलं तर विमा दोन्हीकडे स्वतंत्र मिळतो, एवढं पावतीमागे लिहून देते.