माणगावचा इतिहास लिहू या, पण पुराव्यानिशी

हातकणंगले तालुक्यातील माणगाव हे नाव आपल्या घराघरांत आदराने घेतले जाते. २१ व २२ मार्च १९२० रोजी येथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्षस्थानी होते अठ्ठावीस वर्षांचे बाबासाहेब. राजर्षी शाहू महाराज जातीने हजर राहिले आणि बहिष्कृतांना त्यांचा खरा पुढारी मिळाला आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले.

हा इतिहास आता आपली तरुण मुले-मुली इंटरनेटवरील मराठी विकिपीडियात लिहू लागली आहेत. २००३ साली सुरू झालेला हा ज्ञानकोश फुकट वाचता येतो व त्यात कुणालाही लिहिता येते. गिरणीत, सूतगिरणीत किंवा शेतावर राबून आलेला तरुण रात्री मोबाईलवर चार ओळी लिहितो. दुसऱ्या दिवशी पाहतो तो ओळी गायब, नाहीतर पुढे शिक्का : ‘संदर्भ हवा’. त्याला वाटते, हा जातीय आकस. आकस कुठे नसेलच असे आम्ही म्हणत नाही. पण आधी आपण पुरावा दिला होता का, हे पाहावे. तिथला नियम सर्वांना सारखाच आहे. प्रत्येक महत्त्वाचे विधान प्रकाशित, विश्वसनीय साधनावर उभे असावे आणि वाचणाऱ्याला ते पडताळता यावे.

हा नियम आपल्याला परका नाही. कालाम लोकांना तथागतांनी हेच सांगितले की, परंपरेने आले, ऐकिवात आहे किंवा गुरू म्हणतो, एवढ्यावर विश्वास ठेवू नका. बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्रांच्या उत्पत्तीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा ऋग्वेद आणि महाभारतातील आधार पुढे ठेवून मांडणी केली. विरोधकाला आधार तपासावाच लागला. त्यांच्या अनुयायांनी ऐकीव गोष्टींवर कसे विसंबावे?

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. समजा, ‘माणगाव परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब होते’ असे लिहायचे आहे. ‘मूकनायक’चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला होता आणि परिषदेचा वृत्तांत त्यात छापला गेला. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन व भाषणे खंडांच्या रूपाने प्रसिद्ध केली. वसंत मून यांनी संपादनासाठी आयुष्य वेचले. अठराव्या खंडाच्या पहिल्या भागात १९२० ते १९३६ या काळातील मराठी भाषणे आहेत. तो भाग वाचनालयातून मिळवावा, मजकूर स्वतः वाचावा आणि वाक्याच्या शेवटी संदर्भ जोडावा. त्यात ग्रंथाचे नाव, खंड, संपादक, प्रकाशक, वर्ष व पान ही सहा गोष्टी याव्यात. पान क्रमांक विसरू नये. पान नसेल तर पाचशे पानांच्या ग्रंथात कुणी शोधत बसणार नाही.

भाषण काय झाले, हे भाषणाच्या मजकुरावरून सांगता येते. मात्र ‘या परिषदेने चळवळीला वळण लागले’ असे लिहायचे तर तो आपला अभिप्राय चालणार नाही. एखाद्या अभ्यासकाने ग्रंथात तसे म्हटले असेल, तर त्याच्या नावाने द्यावे. व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर, जयंतीच्या सभेतील भाषण, विकिपीडियाचाच दुसरा लेख, हे पुरावे नव्हेत. वाघिणीच्या दुधाचे वाक्य बाबासाहेबांच्या नावे भिंतीभिंतीवर असते. ते कोणत्या खंडात, कोणत्या पानावर, असा प्रश्न विचारावा. पान मिळेपर्यंत ज्ञानकोशात घालू नये. घाईने लिहिले तर माणगाव आणि नागपूर यांचीही गल्लत होते. त्याच वर्षी मेअखेर भरलेल्या नागपूरच्या परिषदेचे अध्यक्ष शाहू महाराज होते.

आणखी एक गोष्ट अनेकांना जड जाते. ज्ञानकोशात ‘परमपूज्य’, ‘विश्वरत्न’ अशी विशेषणे चालत नाहीत. त्यामुळे बाबासाहेब लहान होत नाहीत. अठ्ठाविसाव्या वर्षी एका संस्थानाचा राजा त्यांना पुढारी म्हणून गौरवतो, ही नोंद पुराव्यासह लिहिली की वाचणाऱ्याचे हात आपोआप जोडले जातात.

घरातील आजी-आजोबांच्या आठवणी मात्र टाकू नका. विकिपीडियात त्या थेट घालता येत नाहीत, पण वहीत उतरवून घ्या. सांगणाऱ्याचे नाव, गाव व तारीख लिहा. जुनी निमंत्रणपत्रिका, हस्तपत्रक, अंकाचे कात्रण रद्दीत घालू नका. एखाद्या अभ्यासकाने त्यावर पुस्तक लिहिले, की उद्या तोच संदर्भ होईल. ‘मूकनायक’ने तेव्हा छापून ठेवले म्हणून आज आपल्याला माणगाव सिद्ध करता येते.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर चार मुलांनी एक खंड मध्ये ठेवून बसावे. आधी विकिपीडियाच्या धूळपाटीवर सराव करावा, मग एकच वाक्य, एकच संदर्भ लिहावा. पुराव्याने लिहिलेली ओळ पुसताना पुसणाऱ्यालाच कारण द्यावे लागते.

जयभीम!