गुत्तिलाची वीणा आणि दुरंगी सामना

एप्रिल आला की उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथच्या वस्त्यांत आणि बदलापुरात बुद्ध-भीमगीतांच्या कार्यक्रमांचे फलक लागतात. त्यात खरी गर्दी खेचतो तो दुरंगी सामना. दोन गायन पार्ट्या समोरासमोर, एकीने टाकलेला सवाल दुसरीने गाण्यातच उचलायचा. अशाच एका सामन्यावर जातककथा आहे आणि श्रीलंकेत पंधराव्या शतकात तिचे काव्य झाले. आपल्या शाहिरांनी ती हाती घ्यावी, असे मनापासून वाटते.

गुत्तिल हा वाराणसीच्या राजाचा वीणावादक. उज्जैनीच्या मूसिलाला तो हातचे काही न राखता सगळी विद्या देतो. दरबारात शिष्याला गुरूच्या निम्मे वेतन ठरते, तेव्हा मूसिल बरोबरीने मागतो आणि सामन्याला उभा राहतो. वय झालेला गुत्तिल धास्तावून रानात जातो. तिथे शक्र, म्हणजे इंद्र, त्याला धीर देतो: वाजवताना एकेक तार तोडत जा. भर सभेत मूसिलही ईर्ष्येने तारा तोडतो आणि त्याची वीणा मुकी होते. गुत्तिलाची मात्र घुमतच राहते आणि सभेत अप्सरा उतरून नाचतात.

कोट्टेचा राजा सहावा पराक्रमबाहू याच्या काळात वेत्तेवे थेर यांनी ही कथा ‘गुत्तिल काव्य’ म्हणून सुमारे ५०० कडव्यांत रचली. त्याआधीची ‘ससदावत’, ‘कव्सिळुमिण’ ही जातकांवरचीच काव्ये, पण ती यमकाविना, पंडिती वळणाची. वेत्तेवेंनी चार ओळींची सयमक कडवी घेतली, ऐकताच कानात बसणारी. सभेत उतरलेल्या अप्सरांच्या नृत्यावर तर ते कितीतरी रेंगाळतात. ओवीवर वाढलेल्या मराठी कानाला ही रीत परकी नाही.

आपल्याकडे जातके आली ती मुख्यतः गद्यातून. धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये श्रीलंकेत जाऊन पाली शिकले आणि पुढे त्यांनी जातककथा मराठीत आणल्या. दुर्गा भागवतांनी ‘सिद्धार्थ जातक’ खंडाखंडांतून दिले. गाणे मात्र भीमराव कर्डकांच्या जलशांपासून वामनदादांपर्यंत वेगळ्याच वाटेने वाढले आणि बाबासाहेबांच्या चरित्राभोवती फुलले. या दोन वाटा फारशा भेटल्या नाहीत.

यावर रास्त आक्षेप येईल. वर्षावासात विहारांत बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. त्या बुद्धिवादी विचारात शक्र आणि अप्सरांना जागा कुठे? माझे मत असे की शक्राला वगळूनही कथा तगते. गुत्तिलाला धीर एखादा जुना श्रोता देऊ शकेल. आपल्याला रुचेल तिथे थांबायचे स्वातंत्र्य वेत्तेवेंनीही घेतले होतेच.

शिवाय गुरु-शिष्याचे नाते या खोऱ्याला फार जुने. बदलापूर-अंबरनाथकडे येणारी उल्हास नदी वर राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे लेण्यांजवळून निघते. तिथल्या शिलालेखात कारागीर बलक स्वतःची ओळख कण्हाचा शिष्य म्हणून देतो. मूसिलाने मोडले ते नेमके हेच नाते.

सुरुवात कथेच्या उत्तरार्धापासून करता येईल. विजयी गुत्तिलाला स्वर्गात वाजवायला बोलावतात. कलावंत बिदागीशिवाय वाजवत नाही, असे तो तिथेही बजावतो. पण बिदागी काय मागतो? तुम्ही पृथ्वीवर कोणते सत्कर्म केले ते सांगा. मग एकेक देवकन्या सांगू लागते: कुणी वस्त्र दिले होते, कुणी फुले. प्रत्येकीचे एक कडवे आणि ध्रुपद कोरसला.