पहिला मान मोळीवालीचा

पालघर-मनोर रस्ता जिथे डोंगर ओलांडतो, त्या वाघोबा खिंडीत रविवारी सकाळी दोन तऱ्हेचे पाहुणे उतरतात. पाठीवर सॅक अडकवून काळदुर्गाची वाट धरणारे एक, आणि जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरात शिरणारे दुसरे. काळदुर्गाचा माथा सायकलीचा नव्हेच, शेवटी कातळ चढावा लागतो. पण पायथ्याच्या सोंडांवरून, वनखात्याच्या कच्च्या रस्त्यांवरून, पाड्यापाड्यांना जोडणाऱ्या पायवाटांवरून सायकल चालते, आणि नेमक्या त्याच वाटा चालणाऱ्यांनाही हव्या असतात.

दोघांचं एकमेकांविषयीचं मत फारसं चांगलं नाही. चालणारे म्हणतात, हे आवाज न करता मागून अंगावर येतात, दचकवतात, आणि आपणच बाजूला व्हावं अशी यांची अपेक्षा असते. सायकलवाले म्हणतात, हे चौघे चौघे हातात हात घालून वाट अडवतात, स्पीकरवर गाणी लावतात, मग घंटी ऐकू कशी येणार? दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. मला खटकतं ते वेगळंच. या भांडणात त्या वाटेवर रोज चालणारी तिसरी व्यक्ती कुणीच मोजत नाही. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन पाड्याकडे निघालेली वारली किंवा मल्हार कोळी बाई, गुरांमागचा पोरगा, आश्रमशाळेतून सुट्टीला घरी चाललेली मुलं. वाट त्यांच्या पायांनी पडली आहे. बाकीचे आपण सगळे तिथे पाहुणे.

हा झगडा पालघर जिल्ह्यात सगळ्यात ठळक दिसतो तो वसई तालुक्यातल्या तुंगारेश्वरला. सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं हे जंगल २००३ साली अभयारण्य झालं. मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडून ओढे ओलांडत महादेवाच्या देवळाकडे जाणारा कच्चा रस्ता भाविकांच्या पायांखालचा आहे. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला तिथे म्हातारीकोतारी अनवाणी चालतात, बायका कडेवर मूल घेऊन चढतात. हाच रस्ता देवळापुढे डोंगरातून पारोळच्या बाजूला उतरतो, म्हणून वसई-विरार आणि मुंबईच्या सायकलस्वारांचाही तो लाडका. पहाटे चढून गेलेल्या सायकली उतरायला लागतात तेव्हाच देवळाकडची गर्दी चढायला लागते. एकाची उतरणीची वेळ तीच दुसऱ्याची चढणीची, आणि दोघांच्या मध्ये वळणं.

सायकलवाले डोंगरात का आले, हे समजून घेतल्याशिवाय त्यांना दोष देणं सोपं आहे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतून आणि तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या वसाहतींमधून रविवारी सायकल काढणाऱ्या माणसापुढे रस्ते कोणते आहेत? बोईसर-चिल्हार रस्त्यावर नागझरीच्या बाजूला दगडखाणींचे डंपर. पुढे मुंबई-अहमदाबाद महामार्ग, तिथे तर पहाटेसुद्धा ट्रक-कंटेनरची रांग तुटत नाही. डंपर हातभर अंतरावरून गेला की अंगावर जो काटा येतो, तो ज्याने अनुभवलाय त्याला डोंगरातली शांत वाट का हवीशी वाटते हे सांगावं लागत नाही. महामार्गावर हाच माणूस सगळ्यांत दुबळा असतो. डोंगरात शिरला की तोच सगळ्यांत वेगवान होतो. डंपरवाल्याकडून ज्या काळजीची अपेक्षा तो करतो, ती आता त्याने करायची असते. मला वाटतं, सगळं प्रकरण इथे आहे. मुद्दाम त्रास द्यायला कुणीच येत नाही. आपली जागा बदलली आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही एवढंच.

वेगाचा हिशोब कागदावर मांडला तर डोळे उघडतात. चालणारा माणूस तासाला ४-५ किलोमीटर चालतो. उतारावर सायकल २० किलोमीटरचा वेग सहज धरते, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. समोर माणूस दिसल्यावर ब्रेक दाबायला एक सेकंद गेला तर तेवढ्यात साडेपाच मीटर संपले. सुट्या मुरमावर चाक घसरत थांबायला आणखी चारेक मीटर लागतात. एकूण सुमारे दहा मीटर, आणि तीव्र उतार धरला तर त्याहून जास्त. करवंदीच्या जाळीने वेढलेल्या वळणावर मात्र पुढचं पाच-सहा मीटरच दिसतं. तिथे वेग १२ किलोमीटरवर आणला तर सायकल पाच मीटरच्या आत थांबू शकते. म्हणजे जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मं भांडण मिटेल. घंटी वाजवणं चांगलंच, पण घंटीने ब्रेकचं काम होत नाही. घंटी ऐकून समोरच्याने उडी मारावी असं गृहीत धरून वेग तसाच ठेवणं, हे महामार्गावर हॉर्न दाबत येणाऱ्या ट्रकवाल्याहून वेगळं नाही.

दोन्ही बाजूंना एकमेकांचा राग सारखाच येतो का? नाही. जगभर ज्यांनी याचा अभ्यास केला त्यांना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. चालणाऱ्याला सायकलवाल्याचा जेवढा त्रास वाटतो, तेवढा सायकलवाल्याला चालणाऱ्याचा वाटत नाही. जेकब आणि श्रायर या अमेरिकी अभ्यासकांनी १९८० साली याचं कारण मांडलं. आपण ज्या हेतूने डोंगरात आलो तो हेतू दुसऱ्याच्या वागण्याने मोडला, असं वाटलं की संघर्ष पेटतो. चालणारा पक्ष्यांचा आवाज ऐकायला, डोकं निवांत करायला आलेला असतो. सायकल शेजारून सर्रकन गेली की ते निवांतपण मोडतं. सायकलवाल्याचं मात्र चालणाऱ्यामुळे फार बिघडत नाही, क्षणभर ब्रेक दाबावा लागतो इतकंच. म्हणून तो म्हणतो, आम्हाला तर काहीच अडचण नाही, तुम्हालाच का? हे त्याला प्रामाणिकपणे वाटतं. प्रामाणिक असलं तरी ते पुरेसं नाही.

न्यूझीलंडच्या क्वीन शार्लट ट्रॅकवरचा अभ्यास मात्र आशा वाढवणारा आहे. तिथल्या संवर्धन विभागाच्या गॉर्डन सेसफर्ड यांनी चालणाऱ्यांना विचारलं, तेव्हा ज्यांना त्या वाटेवर सायकलवाले प्रत्यक्ष भेटले होते त्यांचं मत, न भेटलेल्यांपेक्षा अधिक अनुकूल निघालं. राग पुष्कळदा मनातल्या सायकलवाल्यावर असतो. प्रत्यक्षातला थांबतो, हसतो, वाट देतो. तरीही तिथल्या प्रशासनाने सगळं चांगुलपणावर सोडलं नाही. उन्हाळी गर्दीत वाटेच्या एका टोकाला सायकलींना मनाई ठेवली. इंग्लंडमध्ये १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकल चालवायला मुभा दिली, ती एका अटीवर: चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट द्यायची. तुंगारेश्वरला श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला सायकली बंद ठेवल्या तर कुणाचं काय जाईल? वर्षातले मोजके दिवस. सायकलवाल्यांनी हे आपणहून जाहीर केलं तर त्याची किंमत बंदीहून कितीतरी जास्त असेल.

चालणाऱ्यांची ठरलेली तक्रार अशी की चाकांनी वाट खराब होते. इथे चालणाऱ्यांनीही जरा थांबून ऐकावं. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात विल्सन आणि सेनी यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणूस, घोडा, मोटारसायकल आणि सायकल यांनी वाटेवरची माती किती सुटते ते मोजलं. ओल्या वाटेवर जास्त माती सुटली ती घोड्याच्या टापांनी आणि माणसाच्या पायांनी, चाकांनी कमी. पण म्हणून सायकलवाल्यांनी छाती फुगवू नये. उतारावर मागचं चाक जाम करून घसरत उतरलं की जी खाच पडते, ती आपल्याकडे पावसाची वाट बघत बसते. या जिल्ह्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जूनमध्ये बोटभर असलेली खाच सप्टेंबरात ओहळ झालेली असते. आणि चालणारे? तांदूळवाडीच्या किंवा कोहोजच्या किल्ल्यावर पावसाळी रविवारी जाऊन बघा. चिखल टाळायला प्रत्येक जण कडेने जातो, वाट दुप्पट रुंद होते. वळणाची वाट सोडून सरळ खाली उतरायचा आडमार्ग पडला की पाणी तोच मार्ग धरतं. बसाल्टच्या डोंगरावर मातीचा थर मुळात पातळ. तो गेला की उरतो नुसता दगड.

त्या दगडातून ओझं घेऊन चालायचं ते पाड्यावरच्या बाईने. डोक्यावर वीस-पंचवीस किलोची मोळी असली की मान वळवता येत नाही. मागून काय येतंय ते दिसत नाही, पायाखालचंही नीट दिसत नाही, पाऊल ओळखीने पडतं. अशा बाईने दचकून बाजूला व्हायचं म्हणजे मोळीसकट कोसळायचं. तिच्यासाठी असा आवाज हा त्रासच आहे, सायकलच्या घंटीचा असो वा ट्रेकरच्या घोळक्यातल्या शिट्टीचा. सायकलवाल्याने उतरून उभं राहावं. ट्रेकरनेही वाटेवरून बाजूला व्हावं, आणि रुंद जागा बघून आधीच व्हावं. ‘मावशी, मागून सायकल आहे, तुम्ही सावकाश जा, मी थांबलोय,’ एवढं माणसाच्या आवाजात म्हटलं की पुरे. ‘जोहार’ म्हणून नमस्कार करता आला तर आणखी बरं. गुरं समोर आली तर आपण डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, दरीकडे नाही. घाबरलेलं जनावर ढकलतं तेव्हा ते बाजू बघत नाही.

संध्याकाळच्या आणि रात्रीच्या सायकलस्वारीची आता आवड वाढते आहे. त्याविरोधात मला स्पष्ट बोलायचं आहे. या डोंगरांत बिबट्या आहे, आणि तोही चालायला पायवाटाच वापरतो, कारण त्या सोयीच्या असतात. वारल्यांनी त्याच्याशी हिशोब फार पूर्वी मांडला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगरांत मिळून वाघोबा या देवाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदवली गेली. आम्ही तुझा मान ठेवतो, तू आमच्या माणसांना-गुरांना सांभाळ, असा तो देवाणघेवाणीचा संबंध आहे. त्यात काळोख पडल्यावर डोंगर सोडून देण्याचं शहाणपणही बसतं. डोक्यावर झगझगीत दिवा बांधून आवाज न करता वेगाने उतरणारा सायकलस्वार या व्यवस्थेत कुठेच बसत नाही. त्याने बिबट्या बिथरला तर त्याची किंमत दुसऱ्या दिवशी मोळीला जाणारी बाई मोजेल.

मग नियम कुणी करायचे? इथे बहुतेक लेख वनखात्याकडे बोट दाखवून थांबतात. राखीव जंगलात वनखात्याचा अधिकार आहेच. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यातसुद्धा, वापरातली वाट बंद करायची तर सोयीची दुसरी वाट असायला किंवा द्यायला हवी, असं कलम २५ सांगतं. २००६ चा वनहक्क कायदा त्यापुढे जातो. सामूहिक वनसंपत्तीत कुणी कसं यायचं-जायचं याचे निर्णय ग्रामसभा घेऊ शकते आणि ते पाळले जातील हे पाहू शकते, असा अधिकार कलम ५ ने दिला आहे. पालघर जिल्ह्याचा मोठा भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत आहे, तिथे पेसा कायद्यानेही ग्रामसभेचं बळ वाढवलेलं आहे. म्हणजे ट्रेकर आणि सायकलवाल्यांच्या भांडणात न्यायनिवाडा करायला मुंबईहून कुणी यायची गरज नाही. पाड्यावरची सभा आहे. तिच्यापुढे जाऊन विचारायला हवं. ‘आम्ही तुमच्या वाटेने सायकली चालवतो, कोणती वाट चालेल, कोणती नको, कोणत्या दिवशी नको?’ असं विचारायला एखादा रविवार पुरतो.

आणि विचारायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की वाटा दुरुस्त कराव्या लागतात. झाडोरा कोयत्याने सवळायचा असतो, वाहून गेलेल्या जागी दगड रचायचे असतात. हे काम आजवर पाड्यावरची माणसंच करत आली आहेत. सायकलवाल्यांनी आणि ट्रेकिंग करणाऱ्यांनी फावडी-घमेली घेऊन त्यांच्या हाताखाली राबावं. काम तसं अवघड नाही. वाटेवरून धावणारं पाणी ठिकठिकाणी दरीकडे वळवलं की खाच खोल होत नाही. त्यासाठी वाटेला तिरकस, दरीच्या बाजूला उतरता आडवा चर काढायचा, उपसलेली माती खालच्या कडेला थापायची. पाणी जिथे वेग धरतं तिथे, म्हणजे चढाच्या मध्यावर आणि वळणाच्या जरा वर. चर अरुंद आणि खोल काढला तर सायकलचं चाक अडकतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ज्या बाईला पायाखालचं दिसत नाही ती ठेचकाळते. उथळ आणि हातभर रुंद चर दोघांनाही चालतो. पण आकार पक्का करण्याआधी पाड्यावरच्या बायांना मोळी घेऊन त्यावरून एकदा चालून बघायला सांगावं, आणि त्या म्हणतील तसा तो भरावा किंवा आणखी पसरट करावा.