चक्र आणि शेष

नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. २००३, २०१५, आता २०२६-२७. गुरूला मात्र राशिचक्राची फेरी पुरी करायला ११.८६ वर्षंच लागतात. दर फेरीला पन्नासेक दिवसांचा फरक साठतो आणि सात फेऱ्यांत तो वर्षाच्या घरात जातो. मग एखादा कुंभ अकराव्या वर्षीच घ्यावा लागतो. हरिद्वारला २०१० नंतर २०२१ मध्ये तेच झालं.

प्रोग्रामचा वेग मोजणाऱ्यांना छळणाऱ्या दोन खोड्यांपैकी ही एक: आकडा गोल करताना सुटलेली चिल्लर. दुसरी नेमकी उलटी, आकडा इतका फुगतो की ठेवलेल्या जागेत मावत नाही. तिच्यावरचा सर्वांत देखणा तोडगा मला १५२० सालात सापडतो.

जुन्या सिद्धांतग्रंथांच्या रीतीने ग्रहाचं स्थान काढायचं तर आधी अहर्गण, म्हणजे आरंभापासून लोटलेले दिवस काढावे लागत. कल्पारंभापासून सुमारे ७२ हजार कोटी, कलियुगापासून धरले तरी तेव्हा १६ लाख ८८ हजारांच्या आसपास. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघवा’त शके १४४२ हाच आरंभ धरला आणि अकरा वर्षांचं, ४०१६ दिवसांचं चक्र केलं. गेलेली चक्रं वेगळी, उरलेले दिवस वेगळे. दिवसांचा आकडा चार अंकांपुढे जातच नाही. दर चक्रामागे वजा करायचा ध्रुवक त्यांनी विकलांपर्यंत देऊन ठेवला. सूर्याचा ० राशी, १ अंश, ४९ कला, ११ विकला. त्यात अर्ध्या विकलेची चूक धरली तरी पहिल्या ४५ चक्रांत ती साडेबावीस विकलांवर जात नाही, म्हणजे अर्ध्या कलेहूनही कमी. पूर्वजांनी संगणक शोधला होता वगैरे मला म्हणायचं नाही. हिशेब करणारा माणूस दमतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

पुढे पंचांगं आकाशाशी जुळेनात, त्यात दोष या आकडेमोडीचा नव्हता. मुळातली मानंच किंचित चुकलेली होती. केरोपंत छत्र्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० मध्ये आली आणि पंचांगशुद्धीचा वाद टिळकांपर्यंत रंगला.

यंत्रांनी मात्र दोन्ही खोड्या नव्याने भोगल्या. फेब्रुवारी १९९१ मध्ये धाहरानला पॅट्रियट क्षेपणास्त्राची यंत्रणा शंभर तास सलग चालू होती. दशांश सेकंद २४ बिटांत पुरता बसत नाही, तेवढ्याने घड्याळ ०.३४ सेकंद चुकलं. इराकी स्कड अडवलं गेलं नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मेले. विंडोज ९५चा मिलिसेकंदांचा ३२ बिटी काउंटर ४९.७ दिवसांत भरायचा. त्याची बातमी झाली, पण इतके दिवस ते विंडोज न अडकता चालवणारा कोण होता, हे कोडंच आहे.

आता बिट ६४ आहेत, तरी १० मेगाहर्ट्झच्या काउंटरचं वाचन सरळ शंभर कोटींनी गुणून मग वारंवारतेने भागलं, तर मशीन सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांत नॅनोसेकंद उणे निघू लागतात. आधी भागावं, पूर्ण सेकंद बाजूला ठेवावेत, गुणाकार फक्त शेषाचा करावा. संगणकाच्या घड्याळाचे १९७० पासूनचे पावणेदोनशे कोटी सेकंद दशांश चिन्हासह ६४ बिटी अपूर्णांकात ठेवले, तर शेजारच्या दोन किमतींत २३८ नॅनोसेकंदांचं अंतर पडतं. पन्नास नॅनोसेकंदांचं फंक्शन मग कधी शून्य दिसतं, कधी २३८. पुरेशा वेगवान काउंटरच्या दोन्ही वाचनांची वजाबाकी पूर्णांकांतच उरकली आणि भागाकार शेवटी ठेवला, की ते पन्नासच्या आसपास येतं.